चार वाजताची भूक, सासूबाईंची भाजणी आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की पाकिटातलं खाणं कमी करा आणि घरचं साधं खा, त्यावर भरपूर मेल आल्या. बहुतेकांचा सूर एकच, पटलंय सगळं पण घरात जमवायचं कसं. त्यातले सहा प्रश्न घेतलेत. नावं छापत नाहीये, कारण एकीने सासूबद्दल लिहिलंय, एकीने सुनेबद्दल, आणि आपलं मासिक सासवाही वाचतात, सुनाही.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. दोघंही नोकरीला, मुलगी ९ वर्षांची, मुलगा १३ चा. गेल्या महिन्यात एका रविवारी मी ठरवलं की आता बास, आणि बिस्किटं, नूडल्स, केचप, कॉर्नफ्लेक्स, टेट्रापॅकचे ज्यूस सगळं काढून कामवाल्या मावशींना देऊन टाकलं. पहिले काही दिवस बरे गेले, मग मुलगा मित्राकडे जाऊन नूडल्स खायला लागला, मुलगी डबा अर्धा परत आणते, सासूबाई म्हणतात पोरांना उपाशी ठेवतेस, आणि नवरा म्हणतो तुमचं तुम्ही बघा. काय चुकतंय?

उत्तर : आधी एक विचारते, रागवू नका. जे तुमच्या मुलांना नको म्हणून घराबाहेर काढलंत ते मावशींच्या मुलांना कसं चालतं? असो.

तुमचा हेतू बरोबर आहे, पण तुम्ही वस्तू काढल्यात आणि त्या जागी काही ठेवलंच नाहीत. एक काम करा, आठवडाभर कुणालाही न बोलता नुसतं लिहून ठेवा की घरात कोण किती वाजता काय खातं. माझा अंदाज आहे की दुपारचं आणि रात्रीचं जेवण बऱ्यापैकी ठीक निघेल, पोळी, भाजी, वरण, भात, कधी उसळ, कोशिंबीर, हे आपल्याकडे अजून टिकून आहे आणि त्याला कुठलंही इंग्रजी नाव द्यायची गरज नाही. गडबड असते ती सकाळी चहाबरोबर आणि मुख्य म्हणजे दुपारी चार ते सात. मुलं शाळेतून येतात, घरात आजीशिवाय कुणी नाही, आजीचे गुडघे दुखतात, क्लासला जायला अर्धा तास आहे आणि भूक कडकडून लागलेली. त्या वेळेला ९ वर्षांच्या मुलीला जे स्वतःच्या हाताने घेता येतं तेच ती खाणार. पाकीट फाडता येतं, थालीपीठ थापता येत नाही. पाकीट जिंकतं ते चवीमुळे नाही फक्त, ते समोर असतं आणि त्याला गॅस पेटवावा लागत नाही म्हणून पण जिंकतं.

म्हणून सुरुवात चार वाजल्यापासून करा, बाकी सगळं तसंच राहू दे. गॅस न पेटवता खाता येईल असं काय काय घरात असू शकतं ते बघा. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी, पेरू, राजगिऱ्याचा लाडू, सकाळीच उकडून ठेवलेली रताळी किंवा अंडी खात असाल तर अंडी, चुरमुऱ्यात दाणे-कांदा-टोमॅटो आणि वरून लिंबू, दहीपोहे, आणि सगळ्यात सोपा म्हणजे पोळीचा लाडू, उरलेली पोळी मिक्सरमधून काढायची, थोडा गूळ, चमचाभर तूप, झालं. लाडू रात्रीच वळून ठेवता येतो. आणि हे सगळं वरच्या फडताळातल्या स्टीलच्या डब्यात ठेवू नका, मुलांना दिसेल अशा उंचीवर काचेच्या बरणीत ठेवा. स्टीलच्या डब्यात काय आहे ते बघायला मुलं झाकण उघडत नाहीत, माझा अनुभव आहे.

मुलाच्या नूडल्सचं म्हणाल तर पूर्ण बंदी उठवा. १३ वर्षांच्या मुलाला बंदी घातली की मित्राच्या घराला भलतंच ग्लॅमर येतं. शनिवार ठरवून द्या, त्या दिवशी त्याने स्वतः करायच्या, गाजर-मटार-कोबी घालून, अंडं फोडून, आणि मसाल्याची पुडी अर्धीच. पुडी अर्धी कारण मीठ मुख्यतः तिथेच असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी नवीन आहारसूत्रं काढली त्यात मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम दिलीय, म्हणजे चहाचा एक चमचा, भाजी-आमटी-लोणचं-पापड सगळं धरून. ते मोजून दाखवलं ना की या वयाची मुलं ऐकतात, भाषण दिलं की ऐकत नाहीत.

मुलीच्या डब्याबद्दल सासूबाईंचा मुद्दा उडवून लावू नका, डबा परत येतोय म्हणजे पोरगी खरंच उपाशी राहतेय. तिला दोन गोष्टींतून एक निवडायला द्या, आदल्या रात्री. एक मोठं थालीपीठ चौकोनी डब्यात दुमडून दिलं की ते मधल्या सुट्टीपर्यंत वातड होतं आणि वर्गात सगळ्यांसमोर खायला मुलांना लाज वाटते, त्यापेक्षा पुरीएवढी छोटी छोटी चार करा. मुगाची धिरडी गुंडाळी करून, आत बटाट्याची किंवा पनीरची भाजी. पराठ्यात पालेभाजी जाते, मेथी तर आरामात जाते.

आणि अजून एक, एकदम सगळं बदलू नका. ज्यांना रोज कोंडा, कडधान्यं, पालेभाज्या खायची सवय नाही त्यांना अचानक चार पट फायबर दिलं की पोट फुगतं, दुखतं, आणि मग घरचं खाल्लं की पोट दुखतं असं मुलांच्या डोक्यात बसतं. आठवड्यात उसळ एकदा होत असेल तर दोनदा करा, पाणी जास्त प्यायला लावा, महिनाभराने तिसरी.

सासूबाईंना विरोधी पक्षात बसवू नका. त्यांना भाजणीचं प्रमाण विचारा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, गहू, धणे-जिरे, प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. धान्य भाजायला तासभर जातो, ते तुम्ही करा, त्या खुर्चीवर बसून सांगतील किती खमंग झालं ते. नवऱ्याबद्दल शेवटच्या प्रश्नात बोलते.

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहतो, वय ४६. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यापासून मी मल्टिग्रेन ब्रेड, डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि ओट्सचा मसाला फ्लेव्हर असं खातोय. बायको म्हणते यापेक्षा पोळी खा. कोण बरोबर?

उत्तर : बायको. पण कारण सांगते म्हणजे तुमचाही मान राहील.

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची, म्हणून मागची वाचायची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. तुमच्या ब्रेडच्या मागे पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैद्याचा ब्रेड आहे, मग वर नऊ धान्यांची चित्रं असोत की नव्वद. मल्टिग्रेनचा अर्थ एवढाच की एकाहून जास्त धान्यं आहेत, ती अख्खी आहेत असं कुणी म्हटलेलंच नाही. गव्हाच्या दाण्यात कोंडा, अंकुर आणि मधला पांढरा भाग असतो, मैदा करताना पहिले दोन जातात आणि फायबर, लोह, ब जीवनसत्त्वं मोठ्या प्रमाणात त्यांच्याबरोबर जातात. ब्राउन रंगावर तर अजिबात जाऊ नका, तो कॅरॅमल घालूनही येतो.

डायजेस्टिव्ह बिस्किटाचंही तेच, यादी वाचा, बहुतेकांत मैदा, पाम तेल, साखर हे वरच्या चार-पाचांत सापडतील, साखर कधी इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रीन अशी वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते. आकडे १०० ग्रॅमचे बघा, सर्व्हिंगचे नको, कारण सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं आणि दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मला अजून भेटायचाय. ४ ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा, हा हिशोब लक्षात ठेवा.

ओट्स वाईट नाहीत, साधे रोल्ड ओट्स म्हणजे अख्खं धान्यच चपटं केलेलं. मसाला फ्लेव्हरच्या पाकिटात मीठ आणि इतर बरंच काही येतं. साधे आणा आणि उपम्यासारखी फोडणी घाला, किंवा सरळ ज्वारीच्या कण्या करा, स्वस्त पडतात.

मुलांना दुधात ‘हेल्थ ड्रिंक’ची पावडर घालत असाल तर तेही जाता जाता सांगते, २०२४ च्या एप्रिलमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की हेल्थ ड्रिंक अशी व्याख्या अन्नसुरक्षा कायद्यात कुठेच नाही, त्या नावाखाली या पावडरी विकू नका.

प्रश्न : हाय ताई, आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी दोन वर्षांची झाली आणि मला वाटलं की आता तरी आपलं जेवण नीट सुरू करू. पण इंडियन स्टोअरमधल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापतानाच फाटते, आणि आट्याची मोठी बॅग आणायला दर वेळी शहरात जाणं होत नाही. इथल्या पिठात एवढे नंबर असतात की काही कळत नाही. काय वापरू?

उत्तर : तुझ्या हाताचा दोष नाही गं, पीठ जुनं आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरी धरून ठेवते ती ताज्या पिठाची विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, आणि गरम पाणी. पीठ दळून महिने झाले की विरी जाते, आणि तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत ते जहाजातून फिरून आलेलं असतं. बाजरीचं तर अजून अवघड, तिच्यात तेल जास्त म्हणून पीठ लवकर कडू होतं, तिथे बाजरीचं पीठ आणूच नको. ज्वारीला उकड काढ. पाणी चांगलं खळखळ उकळायचं, मीठ, त्यात पीठ टाकून गॅस बंद करून झाकायचं, पाच-दहा मिनिटांनी हाताला सोसेल तेव्हा भरपूर मळायचं, तळहाताच्या टाचेने. तांदळाच्या भाकरीला कोकणात करतात तसंच. तरी फाटली तर प्लास्टिकवर लाटून घे, कुणी बघत नाहीये. किंवा धपाटे कर, त्यात गव्हाचं आणि बेसन पडतं म्हणून तुटत नाहीत, काकडी किंवा दुधी किसून जातो.

जर्मन पिठाचे नंबर सोपे आहेत. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो आकडा असतो तो, राख म्हणजे खनिजं, आणि खनिजं कोंड्यात जास्त. म्हणून ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा, ५५० थोडं वरचं, १०५० मध्ये बराच कोंडा, आणि ज्यावर ‘फोलकॉर्न’ लिहिलंय ते अख्ख्या दाण्याचं, त्याला नंबरच नसतो. नुसत्या फोलकॉर्नची पोळी जाडसर होते, कारण दळण आपल्या जात्यासारखं बारीक नसतं, तर निम्मं फोलकॉर्न निम्मं १०५० असं करून बघ आणि कणीक अर्धा तास भिजू दे. ब्रेड घ्यायचा तर ‘फोलकॉर्नब्रोट’ घे, त्यात निदान ९० टक्के अख्ख्या धान्याचं पीठ असावं लागतं असा तिथला नियम आहे. ‘मेअरकॉर्न’ म्हणजे नुसतं अनेक धान्यांचं, वरच्या कोथरूडच्या गृहस्थांचा ब्रेड तोच.

बाकी सामान तुझ्या घराजवळच्या साध्या दुकानात मिळतं. ‘रोटे लिन्सन’ म्हणजे मसूर डाळ, ‘किशरएर्ब्सन’ म्हणजे छोले, ‘हाफरफ्लोकन’ म्हणजे ओट्स, फ्रोझन पालक तर उत्तम. ‘बुटरमिल्श’ पातळ करून जिरं-मीठ घातलं की ताक.

मुलीबद्दल एकच जपून, दोन वर्षांच्या मुलांचं पोट एवढंसं असतं. सगळंच कोंड्याचं दिलं तर पोट भरतं पण ताकद पुरत नाही. मऊ मुगाची खिचडी, वर तूप, दही, केळं, नाचणीची पेज. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे सत्व काढून गाळून देतात ते तान्ह्या बाळांना पचायला ठीक, पण गाळण्यात चोथा जातो, तिला आता पिठाचीच दे. आणि तिला नाचणीचा रंग आवडला नाही तर अर्धं केळं कुस्कर त्यात.

प्रश्न : मी नाशिकची, वय ६८, मला दहा वर्षांपासून शुगर आहे. सुनेने घरातली साखर बंद करून गूळ आणलाय, आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणलंय. मला म्हणते आई आता तुम्ही गुळाचा चहा प्या, चालतो. उपासाला साबुदाणा मात्र बंद केलाय. आमच्या वेळी सगळं घरचंच होतं तरी मला हे झालंच ना? मग घरचं घरचं कशाला करायचं?

उत्तर : काकू, तुमचा टोला बरोबर बसलाय. घरी केलं म्हणजे ते आपोआप चांगलं असं नसतंच. मैद्याच्या शंकरपाळ्या घरच्याच, डालड्यातल्या करंज्याही घरच्याच होत्या. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नावर किती प्रक्रिया झालीय त्यावरून खाण्याचे गट पाडायची जी पद्धत सुरू केली तिच्यात आज चार गट आहेत, त्यात धान्य-भाज्या-दूध-अंडी पहिल्यात, तेल-तूप-मीठ-साखर दुसऱ्यात, आणि गूळही तिथेच दुसऱ्यात बसतो, पहिल्यात नाही.

त्यामुळे गुळाचा चहा तुम्हाला चालत नाही. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं आहेत, पण १०० ग्रॅमला जवळपास ३८० कॅलरी, साखरेच्या ४०० च्या जवळच, आणि रक्तातली शुगर दोन्हीने वाढते. सूनबाईंना सांगा की पाहुण्यांना गुळाचा, तुम्हाला बिनसाखरेचा. सैंधवाचंही ऐकू नका. त्यात आयोडीन घातलेलं नसतं बहुतेक वेळा, आणि घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर आयोडीनचं मीठच हवं, गलगंडाचा त्रास आपल्या देशाने खूप बघितलाय म्हणून तर ते मीठ आलं. उपासाच्या एका दिवसाला सैंधव ठीक.

साबुदाण्याचं मात्र सून बरोबर बोलतेय. तो धान्य नाही की बी नाही, टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च काढून त्याच्या गोळ्या केलेल्या असतात, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचा मोठा धंदा आहे. म्हणजे उपासाचं सगळ्यात पवित्र खाणं कारखान्यातून येतं बघा. राजगिऱ्याची भाकरी, शिंगाड्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी करा, भगर थोडीच. आणि ज्वारीची भाकरी शुगरला चालते म्हणून तीन खायच्या असंही नाही, दीड भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर पालेभाजी. गोळ्या चालू असताना उपास करायचा की नाही ते डॉक्टरांना विचारा, मला नाही.

प्रश्न : पोळीभाजी केंद्राच्या पोळ्या घरच्यात धरायच्या का? (ठाणे)

उत्तर : धरा. कणीक, पाणी, मीठ, थोडं तेल यापलीकडे त्यात काही नसतं, आणि एका बाईचं घर त्यावर चालतं. भाजी मात्र घरी करा, तिथे तेल जास्त सुटतं.

प्रश्न : ताई, कोल्हापूरला आमचं सहा जणांचं कुटुंब आहे. मी बँकेत आहे. मिस्टरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवलंय की आता घरात बाहेरचं काही येणार नाही, रोज मिलेट, लाकडी घाण्याचं तेल, मसाले घरी कुटायचे, दही-तूप-लोणी घरचं, पोरांचा खाऊ घरचा. मी पहाटे पाचला उठते, रात्री अकराला झोपते. त्यांचं म्हणणं पटतंय पण मी मेटाकुटीला आलेय.

उत्तर : असे मेल सगळ्यात जास्त येतात आणि दर वेळी ठरवणारा एक आणि करणारी दुसरी. माझं मत सरळ आहे, ज्याने ठरवलं त्याने ओट्याशी उभं राहायचं. पाकिटातलं अन्न आपल्या घरांत शिरलं ते बायका आळशी झाल्या म्हणून नाही, बायका नोकरीला लागल्या आणि स्वयंपाकघरात दुसरं कुणी आलं नाही म्हणून. तुम्ही पाचला उठून हे सगळं आणखी चार महिने ओढाल, मग आजारी पडाल, आणि त्या दिवशी घरात वडापाव येईल.

यादीतलं काय सोडायचं ते आधी सांगते. मसाले घरी कुटू नका, कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी बचत गटांकडे एक नंबर मिळते, त्यांच्याकडूनच भाजणी घ्या. लाकडी घाण्याचं तेल परवडत असेल तर आणा, नसेल तर साधं शेंगदाणा तेल, तेल कमी वापरणं जास्त महत्त्वाचं आहे. लोणी-तूप दोनपैकी जे सहज होतं तेवढंच, दही लावायला दोन मिनिटं लागतात ते ठेवा. रोज मिलेटचा हट्ट कशाला, आपल्याकडे ज्वारीला मिलेट म्हणायची पद्धत आली ती २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून, त्याआधी ती रोजची भाकरीच होती, आठवड्यातून तीनदा झाली तरी पुष्कळ.

एका कुकरात होणारी जेवणं वाढवा. मुगाची खिचडी, डाळ-तांदळाचा भाजी घातलेला मसालेभात, वरणफळं, मिसळीची मटकी. शनिवारी रात्री मटकी भिजवली, रविवारी सकाळी फडक्यात बांधली की सोमवारी मोड तयार, मोड आल्यावर शिजते लवकर आणि पचायलाही हलकी. उसळीवर लिंबू पिळायचं, त्याने लोह अंगी लागतं, आणि जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. सहा जणांच्या घरात नाश्ता रोज वेगळा हवा असा कुठे नियम नाही, सोमवारी आणि गुरुवारी पोहे, मंगळवारी आणि शुक्रवारी नाचणीची आंबील किंवा धिरडी, उरलेल्या दिवशी फोडणीची पोळी, कंटाळा आला तर आला.

आता मिस्टर. गिरणीत दळण नेणं-आणणं, आठवड्याची भाजी आणणं आणि निवडणं, रात्री कडधान्य भिजत घालणं आणि सकाळची कणीक, ही चार कामं त्यांची. मदत म्हणून नाही हं, त्यांचीच, म्हणजे विसरले तर तुम्ही आठवण करायची नाही आणि मागून करायचंही नाही. मटकी भिजली नाही तर त्या दिवशी उसळ नाही, सगळ्यांनी वरणावर भागवायचं. पहिल्या आठवड्यात कणीक घट्ट होईल आणि पोळ्या कडक होतील, किंवा सैल होईल आणि पोळपाटाला चिकटतील, बोलू नका, खाऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात बरी होईल. तिसऱ्या आठवड्यात पोळ्या लाटायला पण त्यांनाच उभं करा, गोल नको, भाजली गेली म्हणजे झालं, आणि मोठ्या मुलालाही सोबत उभं करा तव्यापाशी. तुम्ही सहाला उठा.